मामींचं शीड

मामींनी गिऱ्हाइकासमोर तयार ब्लाउज टराटरा उसवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई. त्यांना ब्लाउज पसंत होता, आरशात दोनदा वळून बघून झालं होतं, घडी करून पिशवीत टाकायच्याच बेतात होत्या. मामी चष्म्यावरून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उजवी बाही ओढतेय मेली. द्या इकडे." "अहो, असू दे, मला चालतंय," बाई म्हणाल्या. "तुम्हाला चालतंय, मला नाही चालत," असं म्हणून मामींनी ब्लेड उचललं. बाईंना संध्याकाळी लग्नाला जायचं होतं, त्या रडकुंडीला आल्या. मामींनी वीस मिनिटांत बाही पुन्हा लावली, इस्त्री फिरवली आणि वर बाईंना चहा पाजला.

मामी म्हणजे माझ्या मित्राची, मिलिंदची मामी. मिलिंद पेणहून डोंबिवलीला शिकायला आला तो मामा-मामींच्या घरी. मामा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात होते. ते एका दुपारी कामावरच अचानक गेले. मूलबाळ नव्हतं, तेव्हा मिलिंद मामींचाच होऊन राहिला. डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि खिडकीला लागून शिलाई मशीन. त्या मशीनवर बसून मामी अख्ख्या बिल्डिंगच्या साड्यांना फॉल लावत. सगळे त्यांना मामीच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. हिराबाई या नावाने हाक मारणारं डोंबिवलीत कुणी उरलं नव्हतं.

मी तेव्हा एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. संध्याकाळी कामावरून सुटलो की घरी जायच्या आधी मामींकडे टेकायचो. मामी मला "ड्रॉइंगवाल्या" म्हणत. आमच्यातला तिसरा अजित. तो मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला होता. सहा महिने समुद्रावर आणि चार महिने आमच्या डोक्यावर, असं मामी म्हणायच्या. पण तो यायचा असला की त्याच्यासाठी सुकटीची चटणी आधीच करून ठेवायच्या.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. अजित सुट्टीवर आला तो डोक्यात एक खूळ घेऊन. परदेशात कुठल्याशा बेटावर त्याने माणसं पाहिली होती. पायाला फळी बांधलेली, हातात दोऱ्या, आणि दोऱ्यांच्या टोकाला आकाशात खोलीएवढा पतंग. पतंग ओढतो आणि माणूस पाण्यावरून सुसाट धावतो. "आपण करायचं," तो म्हणाला. "अंदमानला माझ्या ओळखीचा एक बंगाली कोळी आहे, त्याच्या घरी राहू. पतंग इथेच बनवू." मी कागद घेतला आणि तो सांगेल तसा पतंग काढला. मिलिंद कल्याणच्या वखारीतून प्लायवूड घेऊन आला. उल्हासनगरहून रेनकोटचं कापड आणलं. आणि ते सगळं घेऊन आम्ही मामींसमोर उभे राहिलो.

मामींनी माझं ड्रॉइंग उलटंसुलटं करून पाहिलं. मला वाटलं, आता हसतील. पण त्यांनी कापड दोन्ही हातांत धरून ताणलं, कानाशी नेऊन टिचकी मारली.

"वारा भरल्यावर कुठे ताण येणार, ते काढलंयस का ड्रॉइंगवाल्या?"

"नाही, मामी."

"मग काय काढलंस? रांगोळी?"

त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं की मामी कोळ्यांची मुलगी. म्हणजे ते माहीत होतं, पण मामींचं माहेर पश्चिमेला खाडीकाठच्या गावात आहे, यापलीकडे आम्ही कधी काही विचारलं नव्हतं. त्यांच्या वडिलांची शिडाची होडी होती. होड्यांना इंजिनं बसायच्या आधीचा तो काळ. मांजरपाटाची शिडं घरातच शिवली जात. दहा वर्षांच्या असल्यापासून मामी वडिलांबरोबर शीड शिवायला बसत. "ब्लाउज नंतर शिकले मी," त्या म्हणाल्या. "त्यात काय आहे? अंगात माणूस असतो, तो सांभाळून घेतो. शिडात वारा असतो. तो कशाला सांभाळून घेईल?"

पहिला पतंग महिन्याभरात तयार झाला. शीळफाट्याच्या बाजूला तेव्हा मोकळी माळरानं होती. एका रविवारी टेम्पोने तिथे गेलो. मामीही आल्या, डब्यात पोहे घेऊन. अजितने दोऱ्या धरल्या, आम्ही पतंग वर फेकला. वारा भरला, पतंगाने अजितला उचललं आणि वीस पावलांवरच्या बाभळीत नेऊन घातलं. कापडाची मधली शिवण फाटली. अजितच्या अंगातले काटे काढताना मामी हसून हसून बेजार झाल्या. मिलिंद मात्र रागावला. महिनाभर रात्रंदिवस मामींनी मशीन चालवलं होतं, त्याचे असे हाल झाले म्हणून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मामी त्याला म्हणाल्या, "आधी उसव, मग रड." आणि तिथेच माळावर बसून त्यांनी शिवण उसवायला सुरुवात केली. फाटलेली नव्हे, धड राहिलेली. कुठली शिवण तगली आणि का तगली, ते त्यांना पाहायचं होतं.

असे तीन पतंग झाले. तिसरा चांगला उडाला. आम्ही निघायची तयारी करू लागलो, तेव्हा एका संध्याकाळी मशीनचं झाकण लावत मामी म्हणाल्या, "माझंही तिकीट काढा."

मिलिंदला वाटलं, थट्टा आहे. "मामी, तीन दिवस बोटीत काढायचेत. तिथे काय करणार तू?"

"मी शिवलंय. मी बघणार."

"अगं, लोक काय म्हणतील? तीन पोरांबरोबर..."

"म्हणतील, मामी गेली पोरांबरोबर. खोटं थोडंच आहे?" मग आवाज खाली आणून, मशीनकडेच बघत त्या म्हणाल्या, "आमच्या घरात बायांनी शीड शिवायचं, शिडाखाली बसायचं नाही. होडीला पाय लावू द्यायचे नाहीत आम्हाला. इतकी शिडं शिवली रे मी. सगळी फुगलेली पाहिली ती काठावरून. यंदा मला चौपन्न लागलं."

मिलिंद उठला आणि तिकिटाचं विचारायला गेला.

मद्रासहून बोटीने तीन दिवस, मग पोर्ट ब्लेअरहून आणखी चार तास. बोट लागून आम्ही तिघेही आडवे झालो होतो, अजितसुद्धा, आणि मामी डेकवर कठड्याला टेकून कुणा बिहारी जवानाच्या शर्टाचं बटण लावून देत होत्या. त्या बेटावर सुपारीची झाडं, पांढरी वाळू, हिरवट निळं पाणी, आणि काठापासून थोड्या अंतरावर प्रवाळाची रांग. त्या रांगेवर लाटा फुटत. आतलं पाणी शांत आणि कमरेएवढं. आमचा यजमान म्हणजे अजितच्या ओळखीचा तो कोळी, निताईदा, आणि त्याची बायको. तिला आम्ही बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत असू. मामींना बंगाली येत नव्हतं, बौदीला मराठी. पहिल्याच दिवशी दोघींचं कालवणावरून वाजलं. बौदीने मोहरी वाटली, मामींनी डोंबिवलीहून आणलेली चिंच काढली. शेवटी एका चुलीवर दोन पातेली चढली. दोघींनी एकमेकींचं कालवण चाखलं, तोंडं वाकडी केली आणि गळ्यात गळे घालून हसल्या. तिसऱ्या दिवशी बौदी चिंच घालत होती.

पाण्यातलं आमचं काम काही धड होईना. मिलिंद फळीवर उभाच राहू शकला नाही. अजित एकदा उभा राहिला, दहा-बारा हात धावला आणि तोंडावर आपटला. पण ते दहा-बारा हात आम्ही तिघांनी डोळे भरून पाहिले, नाचलो. पतंग पाण्यात पडला की भिजून जड व्हायचा. तो काठावर आणून वाळवायचा, की पुन्हा सुरुवात. मामी नारळाच्या झाडाखाली सुईदोरा घेऊन बसलेल्या असत.

पाचव्या दिवशी माझी पाळी होती. वारा सकाळपासून वाढत होता. मी फळीवर उभा राहिलो आणि काय झालं कळायच्या आत पाणी माझ्या पायाखालून पळायला लागलं. मी ओरडलो, आनंदानेच ओरडलो. मग लक्षात आलं की मला वळता येत नाहीये. पतंग मला सरळ प्रवाळाच्या रांगेकडे नेत होता, जिथे लाटा फुटत होत्या. हातातल्या दोऱ्या सोडल्या असत्या तर सुटलो असतो. पण माझ्या डोळ्यांपुढे मामींचं ते मशीन आलं. तीन पतंग, किती महिन्यांची मेहनत. ती मी समुद्रात सोडून द्यायची? मी दोऱ्या आणखी घट्ट धरल्या.

काठावरून मामींचा आवाज आला. "सोर! दोरी सोर!" मला काही उमजेना. मामी आमच्याशी कधी माहेरच्या कोळी बोलीत बोलत नसत. "आरं सोर तं दोरी, सोर!" तिसऱ्यांदा तो आवाज इतका फाटून आला की अर्थ कळायच्या आधी माझी बोटं उघडली. मी पाण्यात पडलो. पतंग पुढे जाऊन प्रवाळावर कोसळला आणि लाटांनी त्याच्या चिंध्या केल्या. मी फळीला मिठी मारून राहिलो. रांगेजवळ पाणी खोल होतं, पाय खाली टेकत नव्हते. पोहणं माझं विहिरीतलं, तेही विसरलेलं.

निताईदाची होडी आली तेव्हा एक वल्हं त्याच्या हातात होतं आणि दुसरं मामींच्या. पदर कमरेला खोचलेला, चष्मा कुठेतरी पडलेला. दोघांनी मला ओढून आत घेतलं. मामींनी आधी माझे हातपाय चाचपून पाहिले, मग एक सणसणीत कानाखाली लावली.

"पतंग मी दुसरा शिवीन रे. तुझ्या आईला काय शिवून देणार होते?"

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो. त्यांनी रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला अजित आणि निताईदा जाऊन पतंगाचं उरलेलं कापड घेऊन आले. आमची सुट्टी संपत आली होती, खेळ संपला होता. अजित ते कापड मांडीवर घेऊन सुतकात बसावं तसा बसला होता. मामींनी ते त्याच्याकडून काढून घेतलं आणि वाळूत पसरलं. फाटलेलं कापून टाकलं, धड असलेलं उसवलं. बौदीही सुई घेऊन बसली. दोन दिवस दोघी शिवत होत्या. मला मामींनी एकदाही ड्रॉइंग काढायला सांगितलं नाही. तिसऱ्या सकाळी ते तयार झालं. निताईदाच्या होडीत बांबू उभा केला, त्याला ते बांधलं. तेव्हा कुठे आम्हाला कळलं की मामींनी शीड शिवलंय.

निताईदा सुकाणूला बसायला निघाला. मामींनी त्याला हाताने थांबवलं. तो माणूस शहाणा, पुढे जाऊन बसला. आम्ही होडी ढकलली. शीड आधी फडफडलं, मग मामींनी सुकाणू जरासं दाबलं आणि सगळं कापड एकदम भरलं. आवाज थांबला. होडी वाकली आणि चालू लागली. आम्ही तिघं काठाने पळत होतो, बौदी टाळ्या वाजवत होती. मामींनी आमच्याकडे पाहिलं नाही. बेटाच्या टोकापर्यंत गेल्या, तिथे होडी वळवली, परत आल्या आणि पुन्हा गेल्या. चार फेऱ्या मारून काठाला लागल्या तेव्हा त्यांचं तोंड मिठाने पांढरं झालं होतं. मिलिंदने विचारलं, "मामी, कसं वाटलं?" मामींनी भिजलेल्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "शीड नीट बसलंय." ते शीड त्यांनी निताईदाकडेच ठेवलं.

पुढे मिलिंदचं लग्न झालं आणि तो मामींना घेऊन टिटवाळ्याला राहायला गेला. तिथे नव्या बिल्डिंगमध्ये मामींनी पुन्हा खिडकीला मशीन लावलं, पुन्हा बायकांशी भांडल्या, पुन्हा त्यांना चहा पाजला. मोतीबिंदू झाल्यावर मात्र शिवणं सुटलं. आजारपण असं काही झालं नाही. एका सकाळी चहा घेऊन मिलिंदची बायको उठवायला गेली, तर मामी उठल्या नाहीत. मी पोचलो तेव्हा मिलिंद दारातच माझ्या गळ्यात पडला. अजित कुठल्या तरी समुद्रावर होता. त्याला कळवता कळवता चार दिवस गेले.

माझ्या हातून एखादं ड्रॉइंग चुकलं की अजूनही मी रबराने खोडून सांधत बसत नाही, नवा कागद घेतो. पण मामी मला सगळ्यात जास्त आठवतात त्या अंदमानहून परतल्यानंतरच्या रविवारच्या. त्या दिवशी त्यांनी मिलिंदला आणि मला बरोबर घेतलं आणि माहेरी नेलं. खाडीकाठी त्यांचे थोरले भाऊ अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. वय सत्तरीच्या घरात. वडिलांनंतर ती शिडाची होडी त्यांनीच चालवलेली. बहिणीला पाहून त्यांनी मान हलवली, हात चालूच. मामी समोर उभ्या राहिल्या. एरवी कुणाच्या बापाला न भिणाऱ्या मामी पदराशी चाळा करत होत्या.

"दादा, मी शिराखाली बसून आलेय."

म्हाताऱ्याचे हात थांबले नाहीत. मला वाटलं, आता हे चिडणार. मिलिंदही सावरून उभा राहिला.

"वारा कनचा होता?" त्यांनी विचारलं.

"डोंगराकरचा. जोराचा होता."

"सुकानू कोनाचे हातान?"

"माजे."

म्हाताऱ्याने जाळं बाजूला ठेवलं, बाकावर जरा सरकून बहिणीला जागा करून दिली आणि म्हणाला, "बस गो. पयल्यापासून सांग."