रहेमानभाईंचे सहा गेअर

रहेमानभाईंबद्दल सांगायचं तर आधी माझ्या तोंडाबद्दल सांगावं लागेल. ते एकदा सुटलं की आवरत नाही, हे अख्ख्या केळापूरला ठाऊक आहे. मी दीपमाला, इथली आशा कार्यकर्ती. आठवड्यातून दोनदा टेकडीवरच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर जाते, बाळांची वजनं घेते, गरोदर बायांना तपासणीला खाली आणते. त्या आपणहून येत नाहीत. मी गेले तरच येतात.

जाते सायकलवर. मोटारसायकलवाल्यांनी खुशाल हसावं. ही सायकल माझ्या आईची, मथुराबाईची. आई इस्पितळात आया होती. तिथली विलायती नर्सबाई मायदेशी परतताना तिला ती देऊन गेली. मागच्या चाकाच्या मधोमध असलेल्या हबच्या पोटातच तीन गेअर, बाहेरून काही दिसत नाही. आईनं ती चाळीस वर्षं चालवली, मी वीस.

मागच्या वर्षी माझा गुडघा रुसला. डॉक्टर म्हणाले, चढावर जोर लावायचा नाही, नाहीतर पोडाचं काम सोडा. ते काम सोडायचं म्हणजे त्या बायांना सोडायचं. मी सायकल घेऊन पांढरकवड्याला रहेमानभाईंकडे गेले.

त्यांचं दुकान म्हणजे कडुनिंबाखालची एक टपरी. भाई पासष्टीचे, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. लोक भंगारात टाकतात त्या सायकलींतून कामाचं तेवढं काढून ते डब्यांत जपून ठेवतात. त्यांनी माझं चाक उलटंसुलटं फिरवून पाहिलं.

"ताई, आतमंदी तीन गेअर हायेत. मांगं बाहेरून दोन चकत्या बसवतो, अन् चेन इकडून तिकडं सरकवाचा गेअर लावतो. तीन दुणे सहा."

"एवढ्या जुन्या सायकलले नवा गेअर बसते काय?"

"बसवला तं बसते."

चार दिवस लागले. गेअर ओढणारी बोटभर साखळी हबच्या आसातून बाहेर येते, ती या नव्या गेअरला अडत होती. भाईंनी नवा गेअर धरणारी पट्टी तीनदा कापली आणि तीनदा फेकली. चौथी बसली. पोडाचा चढ मी पहिल्यांदाच सीटवरून न उठता चढले आणि वर पोचून एकटीच हसत बसले.

आनंदाच्या भरात घोळ मात्र मी केला. विजयादशमीला आमच्या घरी पूजा नसते. बुद्धवंदना झाली की आई सायकल धुवायची आणि हबवरची छोटी टोपी उघडून आत तेल सोडायची. मीही सोडलं. मशीनचं तेल संपलं होतं, म्हणून जवसाचं. आमच्याकडे जवसाचं तेल कशालाही चालतं, भाजीला, गुडघ्याला, दाराच्या कडीला. मग हबला का नाही?

दिवाळीनंतर चढावर, सगळ्यात हलक्या गेअरात, पायडल एकदम रिकामं फिरलं. मी वजनकाट्यासकट आडवी झाले, नडगी सोलली. तशीच सायकल ढकलत पांढरकवड्याला नेली आणि दहा माणसांसमोर तोंड सोडलं.

"साठ वर्षं चालली माह्या मायची सायकल. तुमचा हात लागला अन् वाटोळं झालं."

"माह्याच हातची चूक असंन, ताई. ठेवून जा," भाई एवढंच म्हणाले.

शेजारचा चहावाला देवीलाल म्हणाला, "भाई, जुन्या चीजले कायले हात लावला?" भाई खाली मान घालून पाना शोधत राहिले.

तिसऱ्या दिवशी सायकल तयार होती. पैसे घेतले नाहीत, वर पातळ तेलाची एक बाटली दिली. मला वाटलं, चूक कबूल केली बुवा एकदाची. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, गुलनारभाभीनं, मला विचारलं, "ताई, हबात जवसाचं तेल कोणं टाकलं होतं? पार गोंद झालता. यायनं दोन रोज घासलेटात बुडवून आतले खटके सोडवले."

"तू चहा टाक," भाई तिला म्हणाले.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी मारल्या होत्या. आणि या माणसानं सगळं कळूनही मला चारचौघांत खाली पाहू दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा माझं तोंड बंद झालं. मी गुपचूप सायकल घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी पोडावर जाऊन आले आणि तडक दुकान गाठलं. देवीलाल होता, त्या दिवशीची बाकीची मंडळीही होती. मी सायकल मधोमध उभी केली.

"ऐका सारे. हबात जवसाचं तेल म्या टाकलं होतं. भाईची काहीच चूक नव्हती. यायच्यामुळं माह्यं काम चालू हाये, माह्यावर लय उपकार हायेत यायचे."

भाईंनी पंक्चरच्या ट्यूबवरून मान वर केली.

"ते राहू द्या, ताई. चढ चढला काय?"

"चढला."

"बसूनच?"

"बसूनच."

तेव्हा कुठं रहेमानभाई हसले.