मुरघासाचे दोन खड्डे

थोरल्या सुनेनं सतरा वर्षं त्या घराचं गवत सांभाळलं. गवताचे चार तुकडे होते. एकात गाई चरायच्या, तेव्हा बाकीचे तीन निवांत वाढायचे. गाई कधी हलवायच्या, कुठला तुकडा कधी कापायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चुकत चुकत शिकली. "मुळावर उठू नका, चार बोटं सोडून विळा चालवा," असं कापणाऱ्या बायकांना दटावताना तिचा आवाज बांधापलीकडे जायचा.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. कौतुकाच्या बाबतीत त्यांचा हात भारी आखडता. सतरा वर्षांत थोरलीच्या वाट्याला आलेलं कौतुक म्हणजे, "गाई धड आहेत." तेही दोनदा.

मग धाकटी जाऊ आली आणि दुसऱ्याच वर्षी ती "आमची हुशार" झाली. का, तर तिला मुरघास करता यायचा. मका हिरवा असतानाच कापायचा, बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात तुडवून दाबायची, वर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर जुने टायर, आणि दीड महिना हवेचा कण आत जाऊ द्यायचा नाही. गवत वाळून गेलं की ही आंबूस, ओलसर वैरण गाईंपुढे टाकायची. गाईंचं दूध वाढलं. थोरलीच्या पोटात दुखू लागलं. तिची स्वतःची मुलगी काकूच्या मागे मागे कुट्टी बघत हिंडू लागली, तेव्हा तर अन्न गोड लागेना.

"त्यात काय एवढं? मलाही येईल," ती एकदा जेवताना म्हणाली.

आबांनी ताटावरून मान वर केली. "मग भरा दोघी एकेक खड्डा. हातच्या काकणाला आरसा कशाला? ढवळी गाय जिचा घास आधी खाईल, तिच्याकडे गवताचे चारही तुकडे."

"आबा, गवत ताईंकडेच असू दे ना," धाकटी म्हणाली.

हा मोठेपणा थोरलीला जास्त झोंबला.

तिनं मक्याचा दाणा रोज नखानं दाबून बघितला. दूध उडतंय तोवर थांबली, दाणा पिठूळ झाला त्या सकाळी कापणी लावली. खड्ड्यात स्वतः उतरून पोटऱ्या भरून येईपर्यंत तुडवलं. झाकलं, टायर रचले. इथवर तिची एकही चूक झाली नव्हती.

धाकटी आपला खड्डा झाकून जी घरात गेली, ती तिकडे फिरकलीच नाही. भाजी निवडायची, गुणगुणायची.

"तुला बघावंसं नाही वाटत?" थोरलीनं विचारलं.

"काय बघायचं, ताई? झाकलंय."

त्या गुणगुणण्यानं थोरलीचं डोकं उठायचं. इतकी निर्धास्त, म्हणजे हिचा फक्कड जमलाय. आपला? बाराव्या दिवशी भर दुपारी तिनं एक टायर सरकवला, प्लॅस्टिकचा कोपरा उचलला आणि मूठभर कुट्टी नाकाशी धरली. वास छान होता. पण तिचा याहून छान असेल तर? चार दिवसांनी पुन्हा कोपरा उचलला. मग पुन्हा. एकदा टायर तिरका दिसला, तेव्हा आपणच घाईत ठेवला असणार म्हणून तिनं तो नीट केला.

दीड महिन्यानं खड्डे उघडले. धाकटीचा पिवळसर हिरवा, ताकासारखा आंबूस. थोरलीच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात मात्र काळपट गोळे, त्यावर पांढरी बुरशी, हात घातला तर गरम. आबांनी वरवरचं बाजूला करून पाटी भरली. ढवळी थोरलीच्याच हातची वाढलेली. तिनं थोरलीच्या पाटीत नाक घातलं, फुस्स केलं, आणि धाकटीच्या पाटीत तोंड खुपसलं.

"झालं," आबा म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

सडकं काढून टाकायला दोघीच उरल्या. हातभर खाली गेल्यावर धाकटीनं मूठ भरून वास घेतला. मग म्हणाली, "ताई, आतलं माझ्यापेक्षा सरस आहे."

"आता काय उपयोग? मीच उघडून उघडून वाट लावली. सहा वेळा."

धाकटी मुठीकडेच बघत राहिली. "आठ."

"मला मोजता येतं."

"दोनदा मी उघडला. रोज दाणा दाबून बघायचात ना तुम्ही. मला ते कधी सुचलंच नव्हतं. तुमचा वरचढ होणार, या विचारानं मला चैन पडेना."

"आणि ते गुणगुणणं?"

"तुम्ही समोर असलात की गुणगुणायचे."

थोरली खड्ड्याच्या काठावर बसली. चिडायला हवं होतं. उलट, कित्येक महिन्यांनी छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं. आपल्यावरही कुणी जळतं तर.

"आबांना सांगते मी," धाकटी म्हणाली.

"काही नको. सहा माझे, दोन तुझे. तीन तुकडे तुला, ओढ्याकडचा मला." ओढ्याकडचं गवत सगळ्यांत दाट, हे धाकटीला अजून कळलेलं नव्हतं.

"चालेल, ताई."

थोरलीनं आतल्या कुट्टीनं पाटी भरली, धाकटीच्या पाटीशेजारी नेऊन ठेवली आणि ढवळीला सोडलं. धाकटीही हात न धुताच बघायला येऊन उभी राहिली.