विजयस्तंभ आणि पप्पांचा ओळंबा

कॉलेजात सरांनी प्रत्येकाला पुण्याच्या आसपासचं एक सार्वजनिक शिल्प निवडून त्यावर वर्गात बोलायला सांगितलं. बाकीच्यांनी चौकातले पुतळे घेतले. मी कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ घेतला. लहानपणापासून दर एक जानेवारीला जाते, तेव्हा सोपं जाईल असं वाटलं.

चित्र काढायला बसले तर फक्त फुलांची सजावट आणि माणसांची डोकी आठवली. दगड आठवेना. वंदन केलं की गर्दी पुढे ढकलते, नीट बघणं कधी झालंच नव्हतं. म्हणून एका साध्या मंगळवारी पप्पांना घेऊन गेले. पप्पा गवंडी आहेत, बिबवेवाडीत कामं करतात. शाळा चौथीपर्यंत.

त्या दिवशी तिथे दहा-बारा माणसं असतील. पप्पांनी हात जोडले. मी त्यांना कोरलेली सैनिकांची नावं वाचून दाखवली. मग ते मान वर करून बघतच राहिले.

"काय झालं, पप्पा?"

"काम बघतोय. इतक्या येळा आलो, पण काम कधी बघितलंच न्हाई."

आणि ते जे सुरू झाले, ते वहीत उतरवताना माझा हात दुखायला लागला. खांब खाली रुंद, वर निमुळता. "सरळ भिंत कुणीबी उभी करंल. ही चारी अंगांनी आत घ्यायची. एक बाजू बोटभर चुकली की टोक वाकडं. लढणाऱ्यांची नावं हायत, ती पायजेतच. पण बांधणाराबी किती दिवस वर टांगलेला असंल गं!" मला तर ओरडून कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

वर्गात मी हे सगळं सांगितलं.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" सरांनी विचारलं.

"पुस्तकात नाही, सर. वडिलांनी सांगितलं. ते गवंडी आहेत."

"अस्सं. मग आपण कशाला तसदी घेतलीत? त्यांनाच पाठवायचं."

वर्ग हसला. मला मात्र ते पटलं. "शुक्रवारी चालेल का, सर?"

"चालेल की! आम्ही वाटच बघतोय."

वर्गाबाहेर आल्या आल्या मी पप्पांना फोन केला. मैत्रिणीने नंतर डोक्याला हात लावला. "अगं, टोमणा होता तो!" पण तोवर पप्पांनी मुकादमाकडे सुट्टी मागितली होती, वर कारणही सांगितलं होतं: पोरीच्या कॉलेजात बोलावलंय. आता त्यांना येऊ नका म्हणायचं, तर का ते सांगावं लागणार. माझ्याच्याने ते झालं नाही.

शुक्रवारी पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, हातात मोठी पिशवी घेऊन दारात उभे राहिले.

"आपण?" सर म्हणाले.

"नमस्कार. तुमी बोलावलं व्हतं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी बाकाची कड घट्ट धरली. आता एक शब्द वाकडा आला असता, तर मी पप्पांना घेऊन तशीच निघून जाणार होते.

"हो, हो," सर सावकाश म्हणाले. "या ना. बसा."

"बसून न्हाई दावता येनार." पप्पांनी पिशवीतून दोरीला वजन बांधलेला ओळंबा काढला आणि एक फळी, एका कडेने तिरपी कापलेली. फळ्यावर खडूने स्तंभ काढला. रेघा माझ्या चित्रापेक्षा सरळ आल्या. "उभ्या भिंतीला नुसता ओळंबा पुरतो. तिरप्याला अशी फळी लागती, तिरपी कड दगडाला आन् सरळ कडंला ओळंबा. त्यांनी काय केलं मला ठावं न्हाई, मी असतो तर असं केलं असतं. सर, दोरी जरा धरता का? हालवू नका."

सरांनी दोरी धरली. मागच्या बाकांवरची मुलं उठून पुढे आली. पप्पा एक डोळा मिटून फळी लावत होते, एक बाजू, मग दुसरी, आणि मला जागेवर बसवत नव्हतं.

"अहो, पण," सरांनी दोरी तशीच धरून विचारलं, "चौथी बाजू टोकाला जुळते कशी?"

पप्पांचा चेहरा फुलला. "आता इचारलं बगा बरोबर!"