चाकसूच्या टॉवरवरची चाळणी

जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात कुणाच्या घरी कुठली भाजी करपली, इथपासून मला सगळं ठाऊक असतं. पण विनया नेमकं काय काम करते हे कळायला मला तीन गणपती लागले. तिच्या नवऱ्याला, परीक्षितला, विचारलं तर म्हणाला, "दिवसभर पडद्याकडे बघते."

"बघायचा पगार मिळतो?"

"छे, काय बघायचं नाही ते ठरवायचा."

शेवटी आरतीनंतर तिलाच गाठलं. विनया अकोल्याची. वडील रेल्वेत, त्यांची बदली इकडे झाली तेव्हा ती आठवीत होती. मराठीत वऱ्हाड अजून शाबूत आहे, मध्ये मध्ये एखादं 'मतलब' येतं एवढंच. राहते गोपालपुऱ्यात, कोचिंगच्या पोरांच्या गर्दीत, आणि ऑफिस झालान्यात.

"असं समजा काका," ती म्हणाली, "साडेचारशे मोबाइल टॉवर आहेत आणि सगळे तुमच्यासारखे. वीज गेली, सांगतात. आली, सांगतात. दार उघडलं, सांगतात. गरम होऊन राहिलं, सांगतात. दिवसाला नऊ हजार अलार्म, त्यातले कामाचे पन्नास."

'तुमच्यासारखे' हा शब्द मी ऐकलाच नाही असं दाखवलं.

तर ते पन्नास वेगळे काढायचे नियम विनया लिहिते. दोन मिनिटांत आपोआप मिटणारा अलार्म दाखवू नको. एक केबल तुटल्यामुळे अकरा टॉवर ओरडत असतील तर एकच ओरड दाखव. ती त्याला चाळणी म्हणते. तिच्या आधी त्यांच्या कंट्रोल रूममधला पडदा लालभडक असायचा आणि माणसं त्याला इतकी सरावलेली, की लाल रंग कुणाला दिसायचाच नाही. विनयानं तो शांत केला. साहेब राघवजी जयपूरचे, गोड माणूस. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पडदा दाखवायचे. यंदा एप्रिलमध्ये कंट्रोल रूमचं प्रमुखपद रिकामं होणार होतं आणि ते विनयाचंच, असं सगळे धरून चालले होते. परीक्षितनं तर मला पेढ्यांचं दुकानही विचारून ठेवलं होतं.

मार्चमध्ये शीतला अष्टमी आली. जयपुरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशीचं थंड खातात. बासोडा म्हणतात. राघवजींनी घरून पुए, म्हणजे तळलेल्या गोड पुऱ्या, आणि राबडी आणली होती. त्याच दुपारी चार वाजता बडे ग्राहक, म्हणजे टॉवर भाड्यानं घेणाऱ्या मोबाइल कंपन्यांचे लोक, कामाचा आढावा घ्यायला येणार होते, म्हणून सगळे इस्त्रीत.

पुआ खाता खाता विनयाला आठवलं, आज चाकसूला मेळा! शीतला मातेच्या मेळ्याला लाखभर माणूस लोटतं. दुकानांच्या दिव्यांनी वीज सारखी जाते-येते आणि मैदानाजवळचा टॉवर शेकड्यांनी अलार्म पाठवतो. गेल्या वर्षी तिनं मेळ्यापुरता त्याला गप्प केला होता. यंदाही करावा म्हणून हात पुसून नियम लिहायला बसली, तर सॉफ्टवेअर म्हणालं, असा नियम आधीच चालू आहे. तीनशे चोपन्न दिवसांपासून.

मेळा तीन दिवसांत आटोपला होता. चाळणी काढायची राहून गेली होती.

तिनं लपलेली यादी उघडली. वीज गेली, वीज आली, वीज गेली, असं पानंच्या पानं. आणि दोन महिन्यांपासून त्यात रोज एक बारीक ओळ: बॅटरी कमजोर. वीज गेल्यावर चार तास टॉवर ओढायची ती बॅटरी आता बारा मिनिटांवर आली होती. मैदानात लाखभर माणूस, त्यात चुकणारी म्हातारी, हरवणारी पोरं, आणि शोधणाऱ्यांच्या हातात फोन.

बॅटरी पाठवायची तर तक्रार नोंदवावी लागते, आणि नोंदीत कारण लिहावं लागतं. नोंद चार वाजता ग्राहकांच्या समोर येणार.

शेजारी संकेत बसतो. कामात हुशार, पुण्याचा. तो खुर्ची ओढत जवळ आला. "मॅडम, नियम उडवा. अलार्म आत्ता येईल, नवा म्हणून. बॅटरी जाईल, प्रश्न संपला."

"आणि दोन महिने?"

"ते कोण उघडून बघतंय?"

"मी बघून राहिली ना," विनया म्हणाली.

हे संकेतनंच मला सांगितलं. तो म्हणतो, त्यानंतर तिनं कीबोर्ड पुढे ओढला. समोरच्या पुआवरची माशीसुद्धा हाकलली नाही. मग टाइप केलं: 'गेल्या वर्षीची चाळणी माझ्याकडून काढायची राहिली. दोन महिने अलार्म दिसला नाही. विनया.'

नवी बॅटरी घेऊन गाडी निघाली. टोंक रोडवर मेळ्याचीच गर्दी. तरी साडेतीनला बॅटरी बसली. साडेपाचला चाकसूची वीज गेली, ती सातला आली. टॉवर चालू राहिला. मैदानात कुणाला काही कळलं नाही. कळण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

आढाव्यात मात्र ती ओळ मोठ्या पडद्यावर आली. ग्राहकांतल्या एकानं ती दोनदा वाचली. राघवजींचा चेहरा राबडीपेक्षा थंड. "विनयाजी, थोडं वेगळं लिहिता आलं असतं," एवढंच म्हणाले. एप्रिलमध्ये प्रमुख म्हणून गुडगावहून एक गृहस्थ आले. पेढे आणायचे राहिले.

त्या गृहस्थांनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं: प्रत्येक चाळणीवर लिहिणाऱ्याचं नाव आणि संपायची तारीख हवी, आणि दर सोमवारी अर्धा तास, लपवलेलं उघडून वाचायचं. शाबासकी त्यांना मिळाली. कल्पना विनयाची, हे मला माहीत आहे, आता तुम्हालाही.

परवा मी तिला फोनवर डिवचलं. "काय विनयाबाई, एक ओळ गिळली असतीस तर आज मोठ्या खुर्चीत असतीस."

"असती," ती म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली. "पण मग काका, माझ्याच पडद्यावर माझा भरवसा राहिला नसता. तो शांत दिसला की मला वाटलं असतं, आता काय दाबलं मी?"

मी विषय बदलला, मंडळातल्या एका ताज्या भांडणाकडे. अजून नमनच चाललं होतं तर म्हणाली, "काका, पोरीची परीक्षा होऊन राहिली. तुमच्यावर चाळणी टाकली मी."

"तारीख घातलीस ना?"

"गुरुवार," विनया म्हणाली. "संध्याकाळी सहा. मग सगळं सांगा, भाजीसकट."