रॅमच्या स्लॉटमधलं कुंकू

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आजही नाही. आणि हे वाचून कुणी मला "ताई, तुमच्या मिस्टरांचा आत्मा..." असं काही लिहिणार असेल तर कृपा करून लिहू नका. ते ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट, जाफराबादची. एसटी स्टँडजवळ आमचं डीटीपीचं दुकान होतं – लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. एक गाळा, एक प्रिंटर आणि एक फोर-एट्टी-सिक्स कॉम्प्युटर. मिस्टरांनी सुटे पार्ट आणून तो स्वतः जोडलेला. मी टायपिंग केलेलं त्यांना चालायचं, पण स्क्रू-ड्रायव्हर उचलला की डोळे वटारायचे. "शॉक बसंल!" म्हणे. मी मागे स्टुलावर बसून, बघून बघून शिकले.

खंडेनवमीला सगळे आपापल्या अवजारांना बाहेरून हळदकुंकू वाहतात. हे मात्र कॅबिनेट उघडून आत कुंकवाचं बोट टेकवायचे. "अवजार आतमंधी हाय, हा निस्ता डब्बा." ताट धरायला मी. बोट त्यांचं.

उन्हाळ्यात ते हार्ट अटॅकने गेले. सासूबाईंनी दुकानातली कुंकवाची डबीसुद्धा उचलून नेली – तुला आता काय करायची, म्हणून. त्या डबीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या वर्षी घरात सण नव्हते, त्यामुळे खंडेनवमीही कोरडीच गेली.

धाकट्या दिरांना गाळ्यात खताचं दुकान टाकायचं होतं. सासरे म्हणाले, लग्नसराईत धंदा दिसला तर ठेव, नाहीतर गाळा त्याला दे. आता पत्रिका सगळ्यांना नव्या फॉन्टमध्ये हव्या होत्या, आणि ते सॉफ्टवेअर जुन्या रॅमवर गचकायचं. रॅम वाढवल्याशिवाय दुकान वाचत नव्हतं. म्हणून जालन्याहून शकीलभाई मेकॅनिकना बोलावलं.

त्यांनी रिकाम्या स्लॉटमध्ये रॅमची नवी पट्टी बसवली, बटण दाबलं... बीप, बीप, बीप. स्क्रीन काळा. पट्टी काढली की मशीन चालू. घातली की बीप. शेवटी त्यांनी टॉर्च मारला.

"भाभी, ह्याच्यात कुंकू कायला घातलं?"

स्लॉटमध्ये कुंकू होतं. ओलं. मिस्टरांना जाऊन अर्धं वर्ष उलटलेलं, दुकानात कुंकवाची डबी नाही, आणि गाळ्याची चावी फक्त माझ्याकडे!

शकीलभाईंनी स्पिरिटने स्लॉट पुसला. मशीन सुरू झालं, सोळा एमबी मोजून दाखवली. त्यांनी कॅबिनेटच्या स्क्रूंवर आपल्या सहीचं वॉरंटीचं स्टिकर चिकटवलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी – परत बीप.

दीर दारात उभेच होते. "वैनी, दादाचा जीव आडकलाय त्याच्यात. तुमचा हात चालत न्हाई त्याला. इकून टाका जल्दी. जालन्यात गिऱ्हाईक पाहून ठेवलंय मी."

गिऱ्हाईकसुद्धा पाहून ठेवलं होतं!  कॅबिनेट चादरीत बांधलं, जीपमध्ये मांडीवर घेतलं आणि थेट शकीलभाईंच्या दुकानात गेले. दीर सोबत आलेच, विक्रीच्या आशेने.

शकीलभाईंनी आपलं स्टिकर नीट तपासलं. अख्खं होतं. त्यांनीच ते फाडलं, झाकण काढलं, आणि हात मागे घेतला. त्याच स्लॉटमध्ये, पट्टीच्या बुडाशी, ओलं लाल कुंकू.

"मी न्हाई हात लावत आता, भाभी."

"मी म्हणलो न्हाई?" दीर म्हणाले.

मग माझं डोकं सणकलं. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मी त्या उघड्या कॅबिनेटवर ओरडले, "जित्ते होते तवा हात लावू दिला न्हाई, आता मेल्यावर बी देईना का? मंग मी काय करू? भाऊजींच्या खताच्या गोण्या उचलू? सरका बाजूला!"

पट्टी उपटली. स्लॉटमधलं कुंकू बोटाने काढलं, स्पिरिटचा बोळा फिरवला आणि दोन्ही क्लिपा खट् वाजेपर्यंत पट्टी अंगठ्याने दाबली. त्या मशीनच्या पोटात माझा हात पहिल्यांदाच गेला होता. बटण दाबलं. एकच बीप, आणि आकडे सरसर सोळावर गेले.

दीर म्हणाले, "वैनी, ते बोट पुसा आधी. बरं दिसत न्हाई."

बोट लाल झालं होतं. मी त्यांच्याकडे बघत ते सरळ कपाळाला लावलं. ते दुकानाबाहेर गेले आणि जाफराबादला परतताना वेगळ्या जीपने आले.

त्या लग्नसराईत मी मान वर न करता पत्रिका छापल्या. मशीनने पुन्हा कधी त्रास दिला नाही. आधी क्लिपा नीट बसल्या नसतील, हे मला पटतं. पण सील केलेल्या डब्यात ओलं कुंकू कुठून आलं, हे शकीलभाईंनाही सांगता आलं नाही आणि मलाही नाही. सगळ्यात चीड याची येते, की मिस्टर मला अडवत होते की काही देत होते, तेही कळलं नाही. सरळ हातात काही द्यायची सवयच नव्हती त्यांना.

गाळा माझ्याकडेच आहे. खंडेनवमीला मी कॅबिनेट उघडते. ताटही मीच धरते आणि बोटही माझंच.