मेणकापडी पिशवी आणि मावशीचा दात

वालाचा एक दाणा दाताखाली धरायचा, डोळे मिटायचे आणि चावायचा. ‘कट’ असा आवाज आला तर मावशी म्हणायची, “बांधा आता.” नाही आला तर सगळं बी पुन्हा उन्हात. तिचा समोरचा एकच दात धड होता. त्याने ती दुसरं काही चावत नसे. “हा बियाचा दात हाय,” म्हणायची.

वाशीमच्या शिवेला आमचे पाच-सहा भाजीमळे एकमेकांना लागून होते. मावशीचा मळा आमच्या शेजारचा. तिचा नवरा दौऱ्यावरच्या साहेबांचे तंबू ठोकायचा. वादळात फाटलेल्या एका राहुटीचं जाड कापड त्याला मिळालं, त्याची त्याने खांद्याला अडकवायची पिशवी शिवली. तो गेल्यावर मावशी दर उन्हाळ्यात जवसाच्या तेलात मेण वितळवून ते पिशवीला चोळायची. आमची छपरं पावसाळाभर गळत. म्हणून साऱ्या मळ्यांचं हिवाळी बी त्या पिशवीत, तिच्या आढ्याला टांगलेलं असे.

माझा थोरला भाऊ तिला चिडवायचा, की सुनेपेक्षा पिशवीचेच लाड जास्त.

“सुनेले तेल लावाले तिचे हात हायेत, बापू. हिले कुठं हायेत?”

एका वैशाखात अवकाळी ढग आले. बी अंगणात पसरलेलं होतं. भरा, बांधा, असा आम्ही सगळ्यांनी गलका केला. तिने बांधलं. दसऱ्याला पिशवी उघडली तर कुबट वास आला. सारं बी बुरशीने पांढरं. तुम्ही मेणकापड वापरलं असेल तर जाणताच, ते बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तशी आतली ओलही बाहेर सोडत नाही. कुणी तरी पिशवीलाच शिव्या घातल्या. मावशी उठून उभी राहिली.

“पिशवीले बोलू नका. पिशवी खरी हाय. दात मी लावला नाही.”

घाई आमची होती, हे कुणीच बोललं नाही. मीही नाही. ते अजून टोचतं.

बियाविना हिवाळाभर बाजारात न्यायला आमच्याकडे काहीच नसतं. दुसऱ्या दिवशी मावशी पायी माहेरी, आसेगावला गेली. बी घेऊन परतताना पाऊस कोसळला. नाल्यात तिचा पाय घसरला, पिशवी पाण्यात बुडाली, पण पट्टा तिने सोडला नाही. चिखलाने माखून आली आणि आमच्यासमोर पिशवी उघडली. बी कोरडं खडखडीत. आम्ही हात पुढे केले. तिने ते मागे सारले आणि एक दाणा तोंडात टाकला.

कट.

“न्या आता.”

त्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा पुन्हा कुणाचा वाटला नाही. तो तिला बोलून दाखवायचा राहूनच गेला.

मागच्या वैशाखात, मावशीविना पहिल्यांदाच, आम्ही तिच्या अंगणात जमलो. पिशवी मेण चोळून ताठ झालेली. आभाळ भरून येत होतं. बांधा म्हणायला कुणाची जीभ रेटेना. सुनेने एक दाणा उचलला, डोळे मिटले. आम्ही सारे कान देऊन उभे राहिलो.

दाणा दबला, वाजला नाही.

“घरात घ्या,” ती म्हणाली. “ऊन पडलं का पुन्हा पसरू.”

बियाचं पहिलं सूप भरून मी आत नेलं. आढ्याला पिशवी रिकामीच लटकत होती.