स्वेटरखालचा पेपर

सकाळच्या गारठ्यात सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवाल्यानं स्वेटरखाली वर्तमानपत्र सरकवलं. आमचे हे अगदी असंच करायचे. "अहो, एखादं थर्मल घ्या की," मी म्हणायचे. "तुला काय कळतंय? खाली सुती बनियन, वर कालचा पेपर. वारा आत आला तर नाव बदलेन!" उन्हाळ्यात तोच बनियन ओला करून घालायचे.

ते गेल्यावर मी मोटरसायकल चालवायला शिकले. आत घालायला बनियन घ्यायला गेले, तर दुकानदार म्हणाला, "ताई, सुती नको. घाम धरून ठेवतं, मग वाऱ्यात गारठाल." म्हणून घाम चटकन सुकवणारे दोन इनर आणले, थंडीसाठी उबदार, उन्हासाठी पातळ. दोन्ही चांगले आहेत.

मी यांच्या मागे बसायचे तेव्हा मला यातलं काहीच लागत नसे. समोरचा सगळा वारा तेच घ्यायचे.